शेगडी विझवू नका, धूर धरा : मुंबईच्या महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

माननीय आयुक्त महोदय,

स. न. वि. वि.

मी भायखळ्यात कबाबच्या शेगड्या बनवतो. दहा बाय बाराचा गाळा, एक वेल्डिंग मशीन, पत्रा कापायची मोठी कात्री आणि हाताखाली एक पोरगा, एवढा माझा पसारा. नागपाडा, बोहरी मोहल्ला, माहीम, कुर्ला इथल्या लहान कबाबवाल्यांकडे गेली तीस वर्षं माझ्या हातच्या शेगड्या पेटतात. कोळसा बंद करण्याच्या महापालिकेच्या नोटिसा निघाल्यापासून त्यातल्या अकरा माझ्याकडे परत आल्या. दुरुस्तीला नाही, भंगारात घालायला. गाळ्याच्या दाराशी मी त्या एकावर एक रचून ठेवल्यात. अजून एकही कापलेली नाही.

हा धंदा माझ्या वडिलांनी सुरू केला, आणि तो हौसेनं नाही. आप्पा गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी गिरणीच्या दाराच्या आत गेलेच नाहीत. आप्पा त्यातलेच. चाळीच्या जिन्याखाली बसून ते लोकांचे स्टोव्ह, बादल्या, ट्रंकांच्या कड्या नीट करून द्यायचे. एका संध्याकाळी नागपाड्याहून एक कबाबवाले चाचा बूड गळलेली शेगडी घेऊन आले. आप्पांनी ती नीट केली, शिवाय हवा खेळावी म्हणून बुडाला दोन ओळी भोकं जास्त पाडून दिली. आठ दिवसांनी चाचा परत आले. “मिस्त्री, कोयला कम लग रहा है,” म्हणाले आणि नव्या शेगडीचे पैसे आगाऊ ठेवून गेले. सोबत वर्तमानपत्रात बांधलेल्या चार सीख, म्हणजे सळईवर भाजलेले खिम्याचे कबाब, होत्या. त्या कमाईवर आमची चूल पुन्हा पेटली.

आमचं गाव संगमेश्वरकडचं. चुलीतल्या निखाऱ्यावर सुका बोंबील भाजायचा, वांगं भाजायचं, ही घरची रीत. निखाऱ्याची चव ओळखीचीच होती. मटणाला लागलेली ती त्या रात्री पहिल्यांदा कळली. आई म्हणाली, “हे आपल्यासारखंच भाजतात की.” तिचं ते वाक्य माझ्या कायम लक्षात राहिलं.

या प्रकरणात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगतो. शेगड्या बंद झाल्या तर माझं काम जाईल. त्या बदलायच्या ठरल्या तर बदलायचं कामही माझ्यासारख्यांनाच मिळेल. आणखी एक सांगायला हवं. माझ्या मुलीला दमा आहे. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तिच्या दप्तरात पंप असतो, रात्री उशाशी असतो. तिची छाती वाजायला लागली की मी गॅलरीचं दार लावून घेतो आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसतो. म्हणून कोणी मला धुराचा वकील समजू नये. मुंबईची हवा स्वच्छ झाली पाहिजे, हे मी तुमच्याइतक्याच कळकळीनं म्हणतो.

९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅसवर किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. त्यानंतर कोळशाचा तंदूर वापरणारी हॉटेलं, उपाहारगृहं, ढाबे यांनाही महापालिकेच्या नोटिसा गेल्या, जुलै २०२५ पर्यंतच्याच मुदतीच्या. न्यायालयाच्या आदेशाचा मी मान राखतो. हवेचा प्रश्न न्यायालयानं हाती घेतला हे बरंच झालं. आदेश पाळायचा कसा हे ठरवणं मात्र तुमच्या हातात होतं, आणि माझं म्हणणं त्याबद्दल आहे.

पहिलं म्हणजे, तुम्ही भट्टी, तंदूर आणि शेगडी यांना एकाच मापानं मोजलंत. बेकरीची भट्टी विटांची खोलीच असते, ती लाकूड खाते, आणि अनेकदा ते लाकूड जुन्या फर्निचरचं भंगार असतं. त्यावर रंग, पॉलिश, डिंक, सनमायका असतो. असलं लाकूड जळूच नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तंदूर म्हणजे मातीचा रांजण, तो दिवसभर तापता ठेवावा लागतो. आणि कबाबची शेगडी? माझ्याकडची सर्वांत जास्त खपणारी शेगडी तीन फूट लांब, सहा इंच रुंद आणि पाच इंच खोल असते. संध्याकाळी पेटते, मध्यरात्रीनंतर विझते. माझ्या गिऱ्हाइकांचा हिशोब मला माहीत आहे : एका रात्रीला आठ-दहा किलो लाकडी कोळसा. तिघांचा कारभार वेगळा, धूर वेगळा, उपायही वेगळा. नोटीस मात्र एकच.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कबाबच्या धुरातला बराचसा धूर कोळशाचा नसतोच. तुमच्या अधिकाऱ्यांना एकदा शेगडीसमोर तासभर उभं करा. कोळसा पेटवताना पहिली वीसेक मिनिटं धूर येतो. कोळसा ओलसर असेल किंवा कोणी पेटवणीला प्लास्टिक वापरलं असेल तर फारच येतो. निखाऱ्यावर पांढरी राख चढली की डोळ्यांना दिसणारा धूर जवळजवळ थांबतो. मग सीख चढते. खिम्यातली चरबी वितळते, थेंब निखाऱ्यावर पडतो, चर्र होतं आणि निळसर धूर वर येतो. कबाबची चव त्या धुरात आहे. छातीत जाऊन बसणारे बारीक कणही त्याच धुरात आहेत. आता तोच थेंब गॅसच्या तापलेल्या जाळीवर पाडा. तो तिथेही जळतो, तिथेही धूर होतो. गॅसनं राख जाते, पेटवणीचा धूर जातो, कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ कमी होतो, हे सगळं खरं आहे. हा शेवटचा वायू दिसत नाही आणि बंद खोलीत जीव घेतो. म्हणूनच मी आजवर कोणालाही बंद खोलीत शेगडी बसवून दिलेली नाही. पण चरबीचा धूर इंधन बदलून जात नाही. तो वरच्या वर धरावा लागतो. शेगडी काढून गॅस बसवलेलं दुकान कागदावर स्वच्छ ठरेल, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईच्या घरात पूर्वीइतकाच तेलकट धूर जात राहील.

तो धरता येतो. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या दुकानात मी शेगडीवर हुड, म्हणजे धूर ओढून घेणारं पत्र्याचं छत, बसवला. त्यात तिरप्या पट्ट्यांची जाळी आहे, म्हणजे चरबीचे थेंब तिथेच अडकून खालच्या पन्हाळीत उतरतात. पुढे पाण्याचा फवारा असलेली पेटी, त्यापुढे पंखा, आणि मग गच्चीच्याही वर जाणारी नळी. पहिल्या आठवड्यानंतर पेटी उघडली तेव्हा तळाशी डांबरासारखा काळा, चिकट गाळ बसला होता. तो मी काचेच्या बरणीत भरून ठेवलाय. एरवी हा गाळ आपण सगळे श्वासातून आत घेतो. शेजारच्या घरात एक म्हातारे गृहस्थ राहतात, ते मला म्हणाले, “आता रात्री खिडकी उघडी ठेवतो.” हे सगळं सुमारे सत्तर हजारांत झालं. मोजमाप घेणारं यंत्र माझ्याकडे नाही, त्यामुळे किती टक्के धूर अडला हे मी सांगू शकत नाही. तुमच्याकडे ती यंत्रं आहेत.

तिसरी तक्रार मुदतीची. मोठ्या हॉटेलाला सहा महिने पुरतात. त्याच्याकडे मुनीम आहे, वकील आहे, विजेचा तंदूर मागवायला पैसे आहेत. आमच्याकडचा कबाबवाला पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन जुन्या भाडेपट्ट्यानं घेतलेल्या दुकानात बसतो. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी, टेकू लावलेली, घरमालकाचे वारस पाच ठिकाणी. भिंतीतून गॅसची नळी न्यायची तर त्यांची संमती, गच्चीपर्यंत धुराची नळी चढवायची तर रहिवाशांची संमती, त्यातून इमारत पुनर्विकासाच्या यादीत असेल तर कोणी सहीच करत नाही. मी स्वतः एका कबाबवाल्याबरोबर कागदांची पिशवी घेऊन पाच वेळा फिरलो. एका कार्यालयात सांगितलं, आधी तिकडचा दाखला आणा. तिकडे सांगितलं, आधी इकडचा आणा. तो माणूस रात्री दोनला दुकान बंद करून सकाळी दहाला माझ्यासोबत रांगेत उभा राहायचा. शेवटी म्हणाला, “दादा, आता मुलगाच दुबईला बोलावतोय.” त्याची शेगडी आता माझ्या दाराशी आहे, वरून तिसरी.

चौथं, ज्यांचं दुकानच नाही, फुटपाथवरची गाडी आहे, त्यांचं काय करायचं? तिथे गॅसची लाइन येणार नाही. मग १९ किलोचा निळा सिलिंडर भर गर्दीत, रमजानच्या संध्याकाळी माणसाला माणूस खेटून चालत असताना ठेवायचा? तो प्रश्न आधी अग्निशमन दलाला विचारला जावा. फेरीवाल्यांचा कायदा २०१४ साली झाला. त्यांची पाहणी, जागा, परवाने हे काम त्या कायद्याप्रमाणे तडीस गेलं असतं, तर आज या गाड्यांना ठरलेल्या जागी, एकाच मोठ्या हुडाखाली उभं करता आलं असतं.

आयुक्त महोदय, काय जातंय हेही तुम्हाला सांगायला हवं, कारण नोटिशीच्या फायलीत ते दिसत नाही. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीत बडेमियाँकडे नेतो. १९४६ पासूनचं नाव आहे ते. नागपाड्याच्या सरवीची सीख खाण्यासाठी लोक लोकल बदलून येतात. ही मोठी नावं कशीही तरतील, आणि तरावीत. मला काळजी आहे ती ज्यांना पाटीसुद्धा नाही त्यांची. बोहरी मोहल्ल्यात संध्याकाळी सातनंतर जा. फूटभर रुंद फळीवर कलेजी, गुर्दा, खिरी, बोटी मांडलेली असते. माणूस हातपंख्यानं निखारे फुलवतो, दुसऱ्या हातानं सळया फिरवतो, आणि समोर कोणी किती खाल्लं याचा हिशोब तोंडी ठेवतो. खिम्याची सळई जाड आणि चौकोनी लागते, गोल सळईवर खिमा फिरतो आणि एका बाजूनं कच्चा राहतो. सीख निखाऱ्यापासून चार बोटं वर हवी. तीन बोटांवर जळते, सहा बोटांवर वाळते. हे मी त्यांच्याकडूनच शिकलो आणि त्या मापानं शेगड्या घडवल्या. हे कसब कुठल्याही शाळेत शिकवत नाहीत, ते बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून पोऱ्याकडे जातं. मधली एक पिढी तुटली की संपलं.

तिथे खाणारे कोण असतात? रात्रपाळीचे हमाल, टॅक्सीवाले, जे. जे. रुग्णालयात कोणाला तरी दाखल करून बाहेर आलेले नातेवाईक, लालबाग-परळहून मोटरसायकलवर आलेली पोरं. गणपतीच्या मंडपाची रात्रभर तयारी करून आमच्या गल्लीतली मुलं पहाटेच्या आधी नागपाड्याला खाऊन येतात. हिंदू-मुसलमानांनी एका बाकावर बसावं म्हणून कोणी सभा घ्यावी लागत नाही, फक्त शेगडी पेटलेली असावी लागते. वातानुकूलित बार्बेक्यू हॉटेलात टेबलाच्या मधोमध जाळी ठेवून हवं तेवढं वाढतात. तिथेही लोक आनंदानं जातात, माझी तक्रार नाही. पण त्या एका माणसाच्या बिलात इथे अख्खं कुटुंब जेवतं.

पाचवी गोष्ट थोडक्यात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये महापालिकेनं बांधकामांसाठी चांगले नियम केले : मोठ्या भूखंडांभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, राडारोड्याच्या ट्रकांवर आच्छादन. ती धूळ माझ्या मुलीच्या छातीत रोज जाते. ते नियम कबाबवाल्याच्या नोटिशीइतक्याच नेटानं सगळीकडे पाळले जावेत, एवढंच मागतो. बांधकामांची धूळ आहे म्हणून आमचा धूर माफ करा, असं मी म्हणत नाही.

आता मागण्या.

शेगडी हा वेगळा वर्ग माना. दुकानात रात्रीला किती कोळसा जळतो त्यावर नियम ठरवा, आणि एका मर्यादेखालच्या शेगडीला इंधन बदलण्याऐवजी धूर अडवण्याचा पर्याय द्या. न्यायालयाची परवानगी त्यासाठी लागणार असेल तर महापालिकेनं स्वतः मोजमाप घेऊन ती मागावी. आमच्यासारख्यांनी वकील करून दाराशी उभं राहायची वेळ आणू नका.

ते मोजमाप उघडपणे व्हावं. एकाच आकाराची शेगडी कोळशावर उघडी, कोळशावर हुडासह, आणि गॅसवर उघडी अशी तीन वेळा पेटवा, सारखंच मांस भाजा आणि आकडे जाहीर करा. गॅस जिंकला तर मी स्वतः गॅसच्या शेगड्या बनवायला लागेन आणि माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तसं सांगेन.

हुडाचा एक नमुना मंजूर करा, म्हणजे तो कोणताही पत्रेवाला बनवू शकेल. आज जो तो मनाला येईल तशी धुराड्याची नळी ठोकतो आणि धूर फक्त शेजाऱ्याकडे वळवतो.

ज्यांना गॅसवर जायचं आहे त्यांच्यासाठी वॉर्ड कार्यालयात एकच खिडकी हवी, आणि पागडीच्या दुकानात भाडेकरूच्या अर्जावर काम सुरू होण्याची सोय हवी. मुदत दिनदर्शिकेवर बांधू नका. गॅसची लाइन दुकानाच्या दारापर्यंत आल्याच्या दिवसापासून ती मोजा.

पैशाचं म्हणाल तर मी भीक मागत नाही, कर्ज मागतो. फेरीवाल्यांना केंद्र सरकारच्या स्वनिधी योजनेतून सुरुवातीला १०,००० रुपयांचं कर्ज मिळत आलं, त्यात जाळीसुद्धा होत नाही. हुडासाठी वेगळं, कमी व्याजाचं, हप्त्यानं फेडता येईल असं कर्ज बँकांकडून मिळवून द्या. जो माणूस रोज रात्री गल्ला मोजतो तो हप्ता भरतो. माझी उधारी या लोकांनी आजवर बुडवलेली नाही.

आणि भंगार लाकूड, प्लास्टिकची पेटवणी, ओला कच्चा कोळसा यांच्यावर आजच बंदी घाला. ती मोडणाऱ्याला दंड करा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

दोन शब्द हे पत्र वाचणाऱ्या मुंबईकरांसाठी. रमजानच्या एका रात्री येऊन फोटो काढून गेलात की हे दुकान वर्षभर तरत नाही. जूनमधल्या पावसाळी मंगळवारी या. घरपोच मागवण्यापेक्षा तिथे उभं राहून खा, सीख सळईवरून उतरल्यावर पाच मिनिटांतच खायची असते. ज्या दुकानात हुड बसलाय तिथे प्लेटमागे दहा रुपये जास्त पडले तर घासाघीस करू नका, ते दहा रुपये वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या श्वासाचे आहेत. आणि दुकान तुमच्याच इमारतीत असेल तर नळी गच्चीवर न्यायला सही द्या. आजवर तुम्ही धूर सोसलात, तुमचा राग मला समजतो. नळी चढली की तो धूर तुमच्या खिडकीत येणार नाही.

आयुक्त महोदय, आप्पांच्या गिरणीला कुलूप लागलं तेव्हा कोणी येऊन विचारलं नाही की फिटरच्या हाताला आणखी काय येतं. त्यांना जिन्याखाली बसून ते स्वतःच शोधावं लागलं. या लोकांच्या हाताला काय येतं ते मी वर लिहिलंय. तेवढं तरी कुलूप लावण्याआधी बघा.

सोमवारी माझा गाळा बंद असतो. कुठल्याही सोमवारी संध्याकाळी तुमचे अधिकारी यंत्र घेऊन येऊ देत. दाराशी रचलेल्यांपैकी एक शेगडी मी खाली उतरवीन, तिच्यावर हुड चढवीन, एक उस्ताद बोलावीन आणि दोन किलो खिमा माझ्या खर्चानं आणीन. गाळाची बरणी फळीवर ठेवलेली आहेच. आकडा जो येईल तो तिथेच, सगळ्यांसमोर लिहून घेऊ. उरलेल्या दहा शेगड्या तोपर्यंत मी कापणार नाही.

आपला,
एक शेगडीवाला
भायखळा, मुंबई